कामापुरता संपर्क नको

'नेटवर्किंग' हा आज व्यावसायिक यशाचा परवलीचा शब्द झाला आहे. परिचयपत्रांची देवघेव झाली की संबंध जुळले, असा समज रूढ होत आहे. अशा संबंधांचे आयुष्य गरजेइतकेच असते.

बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे 'परमरहस्य' या ग्रंथाचे कर्ते संत मन्मथस्वामी यांची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगणातूनही वीरशैव भाविक येतात. अहमदपूरचे डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज २०२० मध्ये लिंगैक्य झाले. त्यांनी अनेक वर्षे भाविकांना पायी कपिलधारला नेले. दिंडीत शेतकरी आणि व्यापारी एकाच पंक्तीला बसतात. तेथे हुद्दा नव्हे, गाव विचारले जाते. पुढे सोयरीक जुळते, व्यवहारही होतो. पण तो ओळखीचे फळ असतो, हेतू नव्हे.

संघटनेच्या कार्यकर्त्यांनीही यावरून आत्मपरीक्षण करावे. निधी संकलन किंवा निवडणूक आली की आठवणारे घर हे संपर्कातले घर नव्हे. काही काम नसताना ज्या घरी सहज जाता येते आणि ज्या घरच्या आजारपणात आपण न बोलावता पोहोचतो, तेच खरे संपर्कातले घर. अशी घरे किती, हे प्रत्येकाने मोजावे.