फाटकाच्या बाजूनं

"तू त्या जंगलात फटफटी घेऊन नक्की करतोस तरी काय रे?" दर दिवाळीच्या फोनवर मावशीचा हा प्रश्न ठरलेला. एकदा मी म्हटलं, "अगं, काही नाही, जंगलातल्या रस्त्यानं जातो." त्यावर ती म्हणाली, "मग रस्ता आहेच की! त्यात धाडस कसलं?" तेव्हा मी हसून विषय बदलला. पण मंडळी, तिनं अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आधी रस्ता कुठला ते सांगतो. आमच्या वॉशिंग्टन राज्यात दक्षिणेला कोलंबिया नदीपासून उत्तरेला थेट कॅनडाच्या हद्दीपर्यंत, कॅस्केड पर्वतातून जाणारा सुमारे ६०० मैलांचा एक मार्ग आहे. स्टीव्हनसन, पॅकवुड, एलेन्सबर्ग, कॅशमियर, शेलॅन, कॉन्कोनली अशी गावं लागतात, तिथं पेट्रोल आणि जेवण मिळतं. मधलं बहुतेक सगळं माती, खडी आणि धोंडे. हौशी मोटरसायकलवाल्यांनी एकत्र येऊन हा मार्ग आखला आणि २०१० साली त्याचे नकाशे सगळ्यांना खुले केले. दक्षिणेत डग्लस फरची ओली, अंधारी झाडी. पूर्व उतारावर आलं की हवा कोरडी होते आणि पाँडेरोसा पाईन सुरू होतात. उन्हात तापलेल्या त्यांच्या सालीला चक्क व्हॅनिलासारखा वास येतो. एलेन्सबर्गच्या आसपास नारळाएवढ्या सुट्या धोंड्यांनी भरलेले चढ आहेत. फूटरेस्टवर उभं राहून, हँडल सैल धरून, देवाचं नाव घेत चढायचं. माझ्या जुन्या केएलआर ६५० ला मी तिथं दोनदा आडवं पाडलंय. (आई, हे वाचत असशील तर, लागलं नव्हतं.)

अशा ठिकाणी माणसाला वाटायला लागतं की आपण अगदी रानात, स्वतःच्या हिमतीवर आलोय. मलाही वाटायचं. पण चाकाखालचा रस्ता काही आपोआप उगवलेला नसतो. या भागातले असले बरेचसे रस्ते लाकूडतोडीसाठी झाले. ओंडक्यांचे ट्रक उतरवायचे म्हणून डोंगर कापले, ओढ्यांवर मोऱ्या टाकल्या. लाकूड विकलं जात होतं तोवर रस्त्याची डागडुजीही होत होती. मग १९९० साली ठिपकेवाल्या घुबडाला कायद्याचं संरक्षण मिळालं, १९९४ साली या भागातल्या सरकारी जंगलांसाठी नवी योजना आली, आणि तोड एकदम खाली आली. ते बरंच झालं, याबद्दल माझं दुमत नाही. पण रस्ते मागे राहिले. अमेरिकेच्या वनखात्याकडे आज देशभर सुमारे ३ लाख ७० हजार मैलांचे रस्ते आहेत, आणि त्यांच्या दुरुस्तीची अब्जावधी डॉलर्सची कामं खोळंबलेली आहेत. म्हणजे ज्याला आम्ही 'ॲडव्हेंचर' म्हणतो, तो खरं तर वाली न उरलेला, कामापुरता केलेला रस्ता.

तर झालं असं. काही वर्षांपूर्वी एका ऑगस्टमध्ये मी आणि माझा एक मित्र कॅशमियरहून निघालो होतो. मुख्य मार्ग सोडून आम्ही एक फाटा धरला. दुपारी चारच्या सुमाराला समोर लोखंडी फाटक आलं. कुलूप लावलेलं. पाटीवर लिहिलेलं, पुढची मोरी वाहून गेली आहे, रस्ता बंद. आजूबाजूचा उतार जळून काळा पडलेला. फाटकाच्या डाव्या बाजूला, खांब आणि झाडाच्या मधून, मोटरसायकलींच्या चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. परत फिरायचं म्हणजे आणखी चाळीस मैल, आणि शेलॅनला पोचायला अंधार.

मित्र म्हणाला, "चल ना. लोक गेलेत की. ओढा काय, आपण ढकलून पार करू. कोण बघतंय इथं?"

खरंच कोणी बघत नव्हतं. पण मी गाडी वळवली. तो पाठोपाठ आला, पण शेलॅनपर्यंत एक शब्द बोलला नाही. रात्री पिझ्झ्यावर एवढंच म्हणाला, "तू उगाच साधुपुरुष होतोस."

साधुपुरुष कसला! त्याला जे सांगितलं नाही ते इथं सांगतो. त्याच्याही बऱ्याच आधी मी अशाच एका बंद फाटकाला वळसा घालून गेलो होतो. पलीकडे छान कुरण होतं. बर्फ नुकतं वितळलेलं, जमीन स्पंजसारखी. माझं मागचं चाक रुतलं, मी जोर लावला, चिखल उडाला, फोटो काढले, मजा आली. पुढच्या वर्षी गेलो तर माझ्या एका चाकोरीच्या जागी दहा-बारा झाल्या होत्या, आणि कुरणाच्या मधून गढूळ पाण्याचा ओहोळ वाहत होता. त्याच्या पुढच्या वर्षी तिथं मोठाले धोंडे टाकून अलीकडचा चांगला मैलभर रस्ताही सगळ्यांना बंद केलेला. तिथं तंबू ठोकून राहणारी म्हातारी जोडपी, शिकारी, लहान मुलांना घेऊन येणारे, सगळ्यांना. दहा-बारा चाकोऱ्यांतली माझी कुठली, हे कोणी सांगू शकणार नाही. पण एक माझी होती.

लोक म्हणतात, चार चाकोऱ्यांनी असं काय होतं? होतं ते खाली होतं. या डोंगरांचं पाणी वेनाची आणि मेथाऊसारख्या नद्यांत जातं. तिथं सामन मासे नदीतळाच्या खडीत अंडी घालतात. वरून बारीक गाळ आला की खडीतल्या फटी बुजतात, अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. या नद्यांतला वसंतात येणारा चिनूक सामन १९९९ पासून धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. त्यात वणवे. २०१४ साली ओकानोगन भागात अडीच लाख एकरांहून जास्त प्रदेश जळाला, आणि त्याच ऑगस्टमधल्या पावसानं त्या उघड्या उतारांवरून चिखलाचे लोंढे आणले. जळालेली माती पाणी धरत नाही, मोऱ्या तुंबतात, रस्ते वाहून जातात. 'मोरी वाहून गेली' ही पाटी कुणा कारकुनाची लहर नसते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. काही फाटकं खरंच विनाकारण बंद असतात. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून कुलूप लावणं हा खात्याला सोपा मार्ग वाटतो, आणि एकदा लावलेलं कुलूप लवकर निघत नाही. २००५ च्या नियमानंतर कुठल्या रस्त्यावर गाडी चालेल याचे नकाशे प्रत्येक सरकारी जंगलासाठी करायचे ठरले, आणि नकाशात नाही तो रस्ता बंद. त्यात कितीतरी निरुपद्रवी वाटा गेल्या. मित्र चिडतो ते अगदीच चुकीचं नाही. पण त्याचं उत्तर पत्र लिहिणं आहे, बैठकीत जाऊन भांडणं आहे. फाटकाच्या बाजूनं घुसणं म्हणजे समोरच्याच्या हातात आयता पुरावा देणं. "बघा, हे लोक असेच" असं म्हणायला त्यांना मग काहीच कष्ट पडत नाहीत.

मला यात राहून राहून आमच्या गावाकडची पाणंद आठवते. दोन्ही बाजूंना शेतं, मधून बैलगाडीपुरती वाट. ती कोणा एकाची नव्हती. मृगाच्या आधी आजोबा खोरं घेऊन जायचे, कडेचे चर मोकळे करायचे, खड्ड्यात चार पाट्या मुरूम टाकायचे. शेजारचेही यायचे. कोणी नाही आलं तर आजोबा शिव्या द्यायचे, पण आपलं काम करूनच परतायचे. लहानपणी मला ते उगाचचे कष्ट वाटायचे. जो पाणंद वापरतो त्यानं ती राखायची, हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. कॅस्केडमधल्या रस्त्यांचंही आता तेच झालंय. ओंडक्यांचा पैसा गेला, ट्रक कमी झाले, आता वापरणारे आम्ही. आणि राखणारे?

म्हणून माझं मत असं की या रस्त्यांवर जाणाऱ्यानं स्वतःला पाहुणाही समजू नये आणि मालकही. वाटेकरी समजावं. बंद फाटकाशी मुकाट वळावं, सायलेन्सर जागेवर ठेवावा, आणि वर्षातला एखादा दिवस तरी हातात करवत धरावी. गेली दोन वर्षं वसंतात मी स्वयंसेवकांबरोबर पडलेली झाडं कापायला आणि मोऱ्यांची तोंडं मोकळी करायला जातो. दोन दिवस पाठ धरते. मित्राला विचारलं होतं. तो म्हणाला, "तू एकट्यानं थांबून आणि चार मोऱ्या साफ करून काय होणार आहे?"

याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. मे महिन्यात त्याला पुन्हा विचारणार आहे. मावशीला मात्र या दिवाळीला सांगता येईल, की जंगलात जाऊन गटारं उपसतो. ती काय म्हणेल ते आत्ताच ऐकू येतंय.