आठवीची वेस आणि वाळूजची मुले

शिक्षणाचा हक्क हा शब्दप्रयोग आता इतका सरावाचा झाला आहे की, तो हक्क नेमका कोठे संपतो याची चौकशी करण्याची कोणाला गरज वाटत नाही. तो आठवीला संपतो. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलामुलींना मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी दिली. नववी आणि दहावी त्या हमीच्या बाहेर राहिल्या. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुल्यांनी बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, स्वतंत्र भारताच्या संसदेने त्यात भर घातली ती दोन वर्षांची!

चौदा हा आकडा आणखी एका कायद्यात आहे. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास तिने बंदी केली, पण तीतही शाळा सुटल्यानंतर घरच्या धंद्यात मदत करण्याची पळवाट ठेवली. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना फक्त धोकादायक व्यवसाय वर्ज्य आहेत. म्हणजे ज्या वाढदिवशी शाळेचा कायदा मुलाचा हात सोडतो, त्याच दिवशी मजुरीचा कायदा त्याच्यासाठी दार उघडतो. हा निव्वळ योगायोग मानण्याइतके भोळेपण कष्टकऱ्यांना परवडणारे नाही.

या दोन कायद्यांच्या सांध्यावर काय घडते, ते पाहायचे असेल तर छत्रपती संभाजीनगरहून पुणे रस्त्याने वाळूजपर्यंत जावे. १९८५ मध्ये, शहराचे नाव औरंगाबाद होते तेव्हा, बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने आले. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर, पंढरपूर ही तेव्हाची शेतकऱ्यांची गावे. आज त्यांच्या शिवारात खोल्यांच्या चाळी आहेत, आणि त्यांत जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडून कोरडवाहू शेती मागे टाकून आलेली कुटुंबे राहतात. कायम कामगाराची जागा कंत्राटी कामगाराने घेतली. कंत्राट संपले की खोली बदलते आणि खोली बदलली की शाळा बदलते. शाळा सोडल्याचा दाखला जुन्या गावी अडकून पडलेला असतो, आणि तो आणायला जायचे म्हणजे बापाच्या दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडायचे.

अशा मुलांना शाळा कोणती? मराठवाड्याचा इतिहास येथे थोडा वेगळा आहे. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने खाजगी संस्थांनी उभे केले. मराठवाड्यात मात्र हैदराबाद संस्थानातील सरकारी शाळांचा वारसा होता, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर तो त्यांच्याकडे आला. गावोगावच्या जिल्हा परिषद प्रशाला त्या वारशातून उभ्या राहिल्या. निजामी राजवटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या राजवटीत मराठी मुलाला आपल्या भाषेत शिकणे दुरापास्त होते. परंतु दहावीपर्यंतची शाळा चालवणे हे शासनाचे काम आहे, ही कल्पना या भूमीत रुजलेली होती. औद्योगिक उपनगरे वाढत असताना तीच बाजूला पडली. कारखान्यांसाठी जमीन, पाणी आणि वीज यांचे नियोजन झाले. त्या कारखान्यांत राबणाऱ्यांच्या मुलांसाठी नववी-दहावीचे वर्ग कोठे भरतील, याचा विचार त्या तोडीने झाला नाही. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य शाळा चौथी, सातवी किंवा फार तर आठवीपाशी थांबतात. पुढची पोकळी भरून काढण्याचे काम २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांकडे सोपवले. स्वयंअर्थसहाय्यित हे नाव मोठे भारदस्त आहे. अर्थ पालकाचा आणि साहाय्य संस्थाचालकाला, एवढाच त्याचा मथितार्थ.

ज्या प्रशालेत दहावीपर्यंतचे वर्ग आहेत, तेथेही आठवीची वेस वर्गावर्गातून दिसते. पोषण आहार आठवीपर्यंत, मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत, गणवेशही आठवीपर्यंतच. नववीच्या मुलाला खिचडीचा वास येतो, ताटात ती पडत नाही. फीचा प्रश्न येथे फारसा नाही. मुलींना तर बारावीपर्यंत फी माफ आहे. अडते ते वह्या-पुस्तकांपाशी, बसच्या भाड्यापाशी, दहावीच्या परीक्षा शुल्कापाशी, आणि मुख्य म्हणजे घरात येऊ शकणाऱ्या एका मजुरीपाशी. मुलगी असेल तर आई कंपनीत गेल्यावर धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार, हा प्रश्न आधी उभा राहतो. आठवीत एक शिष्यवृत्ती परीक्षा होते; तीत निवडल्या गेलेल्या गरीब घरच्या मुलांना नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. योजना चांगली आहे, पण संख्या ठरवून दिलेली. जे उरतात त्यांतले काही दोन-तीन वर्षांनी सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसतात. दिवसभर गॅरेजमध्ये किंवा हॉटेलात राबून रात्री भूमितीची प्रमेये पाठ करतात.

वर्गात बसणाऱ्यांचीही स्थिती हेवा करावा अशी नाही. शिक्षकांची पदे पटसंख्येवरून ठरतात. पट घसरला की पद जाते, आणि गणिताचे किंवा इंग्रजीचे पद गेले की पालक मुलाला काढून घेतात, म्हणजे पट आणखी घसरतो. या चक्राला शासकीय भाषेत संचमान्यता म्हणतात. रिकाम्या जागी तासिका तत्त्वावर कोणी तरी येतो, त्यालाही चार पैसे जास्त मिळाले की तो जातो. असलेल्या शिक्षकाला निवडणुकीच्या याद्या खुणावत असतात. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यातील मुले कॉपी करतात, असा गवगवा होऊन केंद्रांवर भरारी पथके आणि पोलीस पाठवले जातात. कॉपीचे समर्थन कोणीही शहाणा माणूस करणार नाही. पण वर्षभरातले किती महिने या वर्गाला गणिताचा शिक्षक नव्हता, ही चौकशी करणारे भरारी पथक अद्याप निघालेले नाही.

शासनाची दिशा कोणती आहे, याबद्दल संदेह राहू नये. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात शिक्षणहक्क कायदा बारावीपर्यंत वाढवावा, अशी शिफारस होती. २०२० मध्ये मंजूर झालेल्या धोरणातून ती गळाली. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक शाळा देणगीदारांना दत्तक देण्याची योजना काढली आणि देणगीदाराचे नाव शाळेला जोडण्याची मुभा दिली. ज्यांनी कामगाराला कायम नोकरी नाकारली, तेच उद्या त्याच्या मुलाच्या शाळेवर आपल्या नावाची पाटी लावून दाते म्हणून मिरवू शकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी विनाअनुदानित शाळांना पंचवीस टक्के राखीव प्रवेशांतून सूट देण्यात आली. ती उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली, हे बरे झाले. मात्र तो लढा जिंकल्यानेही नववीचा प्रश्न सुटत नाही, कारण ते प्रवेशसुद्धा आठवीपर्यंतच मोफत आहेत!

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये समान शाळा पद्धतीची शिफारस केली होती: वस्तीतील सर्व मुले वस्तीतील सार्वजनिक शाळेत. ते उद्दिष्ट दूरचे म्हणून आजची मागणी पुढे ढकलण्याचे कारण नाही. हक्काची मर्यादा निदान दहावीपर्यंत वाढवावी, पोषण आहार आणि पुस्तके त्याच मर्यादेपर्यंत द्यावीत, आणि औद्योगिक पट्ट्यातील जिल्हा परिषद शाळांना नववी-दहावीचे वर्ग मंजूर पदांसह जोडावेत, या मागण्या कोणत्याही जिल्हा परिषद सदस्याला तोंडावर विचारता येतील अशा आहेत. कामगार संघटनांनी बोनससाठी, वेतन करारासाठी झुंजार लढे दिले. शाळेचा प्रश्न मात्र त्यांच्या मागणीपत्रकात क्वचितच आला. कंत्राटी कामगाराला संघटनेपर्यंत आणण्याचा मार्ग कदाचित त्याच्या मुलाच्या वर्गातून जात असेल.

सुरुवात फार अवघड नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर वाळूज परिसरातील कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांना बरोबर घेऊन मुख्याध्यापकांकडे जावे, त्या वर्षी आठवी उत्तीर्ण झालेली मुले किती आणि त्यांतली नववीत किती दाखल झाली हे विचारावे, आणि जी दाखल झाली नाहीत त्यांच्या खोल्यांपर्यंत पोचावे. ती यादी हाती असली म्हणजे जिल्हा परिषदेसमोर धरणे धरताना घोषणा शोधत बसावे लागणार नाही.