अशोककुमारचा लॉकर

मी बँकेत कारकून आहे. ही गोष्ट मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण नंतर कळली की समोरचा माणूस लगेच खिशातून पासबुक काढतो. सध्या माझ्याकडे लॉकरचे टेबल आहे. माझ्या स्वतःच्या मालकीचे सोने म्हणाल तर एक दात, पण साडेतीनशे लोकांच्या सोन्याची काळजी मी दहा ते पाच वाहतो.

आता या साडेतीनशे लॉकरांत एखाददुसरा चोरीचा दागिना नसेलच, असे मी देवापुढे हात ठेवूनही म्हणणार नाही. समजा, उद्या पोलीस आले आणि म्हणाले, "तुमच्याकडे चोरीचा हार आहे," तर आम्ही काय करू? नंबर विचारू, कागद बघू, पंच बोलावू, तो एक लॉकर उघडू, पंचनामा करू. की साडेतीनशे लॉकर भिंतीसकट उपटून मुठेच्या पुलावरून खाली टाकू?

हसू नका. संगणकाच्या दुनियेत हा दुसरा मार्ग रूढ आहे.

मला तो कळला आजीमुळे. १९८९ साली आमचे काका आखातातून टेपरेकॉर्डर घेऊन आले. त्यांनी आजीला माजघरात बसवून तिच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या. मध्येच कुकरची शिट्टी आहे, एकदा "चहा झाला का?" असा वडिलांचा आवाज आहे, आणि एका ओवीच्या ऐन मध्यावर आजीने मला घातलेला धपाटा स्पष्ट ऐकू येतो. पुढे आजी गेली, मग वडील गेले, आणि कॅसेटला बुरशी लागली. भाच्याने खटपट करून ती कशीबशी संगणकावर चढवली आणि सगळ्या नातेवाइकांना मिळावी म्हणून फाइली साठवणाऱ्या एका साइटवर ठेवली. साइटचे नाव मी सांगणार नाही. बँकेतल्या माणसाला गुप्ततेची सवय असते. तेरा नातेवाइकांना पत्ता धाडला. तेराही जणांनी "डोळ्यांत पाणी आलं" असे कळवले. तेरापैकी एकानेही ती उतरवून घेतली नव्हती, हे मागाहून कळले. भाच्यानेही जुना संगणक मोडीत काढला. म्हणाला, "मामा, फाइल वर आहे."

एके दिवशी त्याचा फोन आला. "मामा, साइट उडाली."

"उडाली म्हणजे?"

"बंद केली. ऑर्डर आहे. पायरसी."

"अरे, पण आजीनं कसली पायरसी केली?"

आमच्या आजीने जन्मात एकच चोरी केली. पहाटे शेजारच्या परसातली जास्वंद. तीही देवासाठी, आणि शेजारीणही आमच्याकडचा प्राजक्त त्याच वेळी नेत असल्यामुळे हिशेब चुकता होता. ओव्यांचा कर्ता कोण म्हणाल, तर तो जात्यालाही ठाऊक नाही. तरी आजी चोरांबरोबर आत गेली.

आता मी काही चोरांचा वकील नव्हे. उलट, कबुलीजबाब द्यायचा तर त्याच कॅसेटच्या मागच्या बाजूला काकांनी रेडिओवरून भरलेली सिनेमाची गाणी होती. आम्ही बी. कॉम. झालो तो दुसऱ्यांच्या वह्या झेरॉक्स करून. पण चोरी ती चोरीच. मराठी प्रकाशक हजार प्रतींची आवृत्ती काढतो, तिच्यावर चार माणसांचा संसार चालतो, आणि कोणीतरी दिवाळी अंकाची पीडीएफ करून "फराळासोबत वाचा" म्हणत गावभर वाटतो. त्याला शिक्षा व्हावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तिची सोय आहे: त्रेसष्टाव्या कलमाखाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. (माझे स्वतःचे पुस्तक कोणी चोरून वाचले, तर मात्र मी त्याला पेढे देईन. विकत घेऊन तरी कोण वाचतो?) माझे भांडण शिक्षेशी नाही. शिक्षा भलत्याला होते, याच्याशी आहे.

या भलत्याचे नाव अशोककुमार. दादामुनी नव्हेत, ते बिचारे २००१ साली गेले. चोर कोण हे ठाऊक नसताना कोर्टातून मनाई आणायची, तर प्रतिवादी म्हणून कोणाचे तरी नाव हवे. विलायतेत त्याला जॉन डो म्हणतात, आपल्याकडे अशोककुमार. २०१२ साली 'थ्री' नावाच्या तमिळ सिनेमाच्या निर्मात्यांनी मद्रास हायकोर्टातून असाच हुकूम आणला. इंटरनेट कंपन्यांनी तो इतक्या मनावर घेतला, की मे महिन्यात व्हिमिओ, डेलीमोशनसारख्या अख्ख्या साइट बंद. तिथे लोकांनी स्वतः घेतलेली चित्रणे होती, मुलाबाळांचे वाढदिवस होते. शेवटी जूनमध्ये कोर्टालाच सांगावे लागले, की बाबांनो, जिथे तो सिनेमा आहे तेवढाच पत्ता बंद करा, आख्खे गाव नको.

अमेरिकेत तर याहून मोठा मासला झाला. १९ जानेवारी २०१२ रोजी तिथल्या सरकारने मेगाअपलोड ही साइट बंद केली. आरोपपत्रात नुकसानीचा आकडा होता पन्नास कोटी डॉलरवर. असेल बुवा; तेवढी शून्ये आमच्या शाखेत लागत नाहीत. पण ओहायोत शाळांच्या सामन्यांचे चित्रण करून पोट भरणारा एक गृहस्थ होता. त्याने आपलेच काम तिथे ठेवले होते. घरातली हार्डडिस्क त्याच सुमारास बिघडली. (आमचा भाचा एकटा नाही, हे वाचून बरे वाटले.) "माझ्या फाइली मला द्या," म्हणून तो कोर्टात पुन्हा पुन्हा अर्ज करीत राहिला. सरकार म्हणाले, यंत्रे आमच्या ताब्यात नाहीत. यंत्रवाले म्हणाले, सांभाळायचा खर्च कोण देणार? आमच्या काउंटरवर जे उत्तर मिळते तेच, "पलीकडच्या खिडकीवर विचारा." युरोपात तर २०१३ साली एका कंपनीने मेगाअपलोडची सहाशे तीस यंत्रे साफ पुसून टाकली. संपले. ना पंच, ना पंचनामा.

आणि इकडे आम्ही! रिझर्व्ह बँकेने २०२१ साली लॉकरचे नवे नियम काढले. तीन वर्षे भाडे थकवणाऱ्याचाही लॉकर फोडायचा, तर आधी पत्र, ईमेल, एसेमेस. पत्र परत आले तर दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एक इंग्रजी, एक इथल्या भाषेतले. मग अधिकाऱ्यासमोर, दोन तटस्थ साक्षीदारांदेखत फोडायचा, आतल्या वस्तूंची यादी करायची, आणि वर त्याचे चित्रण. आग लागली, चोरी झाली, तर वार्षिक भाड्याच्या शंभरपट भरपाई.

ही भरपाई मी भाच्याला ऐकवली. तो म्हणाला, "मामा, साइट फुकट होती."

शंभर गुणिले शून्य. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे उत्तर मला तोंडी आले.

पैसे नकोत हो. पण रीत तरी? मुंबई हायकोर्टात २०१६ साली 'ढिशूम' सिनेमाच्या वेळी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट साइट बंद करायला नकार दिला. आधी तपासलेली यादी आणा, म्हणाले. वर बंद दरवाज्यावर पाटी नीट लावा, का बंद आहे ते लिहा, असेही. एवढेच तर आमचे म्हणणे आहे! चोरीचा नंबर सांगा आणि तो फोडा. सगळीच खोली बंद करायची असेल, तर आधी महिनाभर नोटीस लावा आणि आपापले सामान नेऊ द्या. धर्मशाळा पाडतानाही आतल्या माणसाला वळकटी बांधायला वेळ देतात. जो कायदा थकबाकीदाराला दोन भाषांत जाहिरात देतो, त्याने आमच्या आजीला एका भाषेत तरी सांगायला काय हरकत होती? तिला मराठी येत होते.

असो. बुरशीची ती कॅसेट अजून आहे. बुरशी काढून देणारा कोणी आहे का, याचा शोध चालू आहे. तोवर हलगर्जीपणा नको, म्हणून परवा मी आमच्याच शाखेत एक छोटा लॉकर घेतला. स्टाफला भाड्यात सूट असते. फॉर्मवर सही करताना आमचे मॅनेजरसाहेब चकित झाले. बँकेत हा प्रश्न विचारायचा नसतो, पण त्यांना राहवले नाही.

"एवढं काय ठेवलंत हो आत?"

"आजी," मी म्हणालो.