छोट्या पडद्याचा जाब कोणी द्यायचा?

मराठी वाहिन्यांवर संध्याकाळी सात ते रात्री दहा या तीन तासांत जे कुटुंब दिसते ते कशावर जगते, हा प्रश्न त्या कुटुंबातील कोणालाही पडत नाही. बंगला असतो, बंगल्याला रुंद जिना व दिवाणखान्याएवढे देवघर असते, सुना निजतानाही अंगावरचे दागिने उतरवीत नाहीत. पुरुष सकाळी कसल्याशा ‘मीटिंग’साठी बाहेर पडतात आणि दाराआडचे कारस्थान ऐकू यावे इतक्या नेमक्या वेळी घरी परततात. मात्र या घरांत महिनाअखेर येत नाही. गिरणी बंद पडत नाही, कंत्राट संपत नाही, शाळेच्या शुल्कासाठी कोणी उसनवार करीत नाही. घरात मोलकरीण असते, पण ती निरोप आणण्यापुरती वा चुगली करण्यापुरती. तिला पगार किती, सुटी कधी, तिची मुले कोठे शिकतात, हे शेकडो भाग उलटले तरी कळत नाही. २००८ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी कायदा केला. त्या कायद्याचे नाव या दिवाणखान्यांपर्यंत पोचलेले नाही.

मालिकांनी समाजसुधारणेचे पाठ द्यावेत अशी कोणाची मागणी नाही. मनोरंजन हा श्रमणाऱ्या माणसाचा हक्क आहे, आणि दिवसभर राबून आलेल्या बाईने अर्धा तास कोणाच्या तरी सासूवर मनसोक्त चिडून घेतले तर त्याबद्दल तिला उपदेश करण्याचे कारण नाही. तक्रार वेगळी आहे. या मालिकांना चांगला विषय सापडत नाही असे नव्हे. तो सापडतो, काही आठवडे ताकदीने मांडलाही जातो, आणि नेमका धारदार होऊ लागला की सोडून दिला जातो.

‘आई कुठे काय करते’ हे याचे ठळक उदाहरण. डिसेंबर २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झालेली ही मालिका नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. तिचे शीर्षकच एक सामाजिक प्रश्न होते, आणि प्रश्न योग्य वेळी विचारला गेला होता. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यापायी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, तर जे पुरुष असे काम करतात त्यांची ९७, असे तीत आढळले. अरुंधती ही त्या २९९ मिनिटांची नायिका होती. आरंभीच्या भागांत तिचा पहाटेपासूनचा दिवस, नवऱ्याचा तुच्छतेचा सूर, ‘तुला काय कळतंय’ हे मुलांनीही उचललेले पालुपद, हे सारे इतके अचूक होते की असंख्य घरांत त्या वेळी जेवणाच्या पानावर अवघडलेली शांतता पसरली असेल. मधुराणी प्रभुलकर यांचा संयत अभिनय तर वादातीत.

पण पंचवीस वर्षांचा संसार मोडला तेव्हा त्या श्रमांचा हिशेब कोठे गेला? घटस्फोट झाला म्हणजे पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नीला आपोआप वाटा मिळतो, अशी तरतूद हिंदू विवाह कायद्यात नाही. राबणारी एक आणि सातबारा दुसऱ्याचा, हे केवळ शेतातच घडते असे नाही. मालिकेच्या हाती एवढा मोठा विषय आलेला असताना तिने मधोमध आणून बसविले ते संजना व अरुंधती यांचे द्वंद्व आणि श्रीमंत, सुसंस्कृत, कधीही न रागावणारा आशुतोष केळकर. अन्यायाचे उत्तर म्हणून चांगला पुरुष पुरविला गेला. अरुंधतीने पुन्हा लग्न केले यात वावगे काहीच नाही. मराठी घराघरांत मध्यमवयीन घटस्फोटितेचे दुसरे लग्न पाहिले गेले, ही मालिकेची जमेची बाजूच म्हटली पाहिजे. वावगे आहे ते हे, की तिच्या कामाचे मोल काय, हा पहिल्या महिन्यांत विचारलेला प्रश्न विचारणाऱ्यांनीच परत घेतला.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६ ते २०२१) मधील राधिकाने तर मसाल्यांची कंपनीच उभारली. टाकलेली बायको उद्योजिका होते, ही कल्पना टाळ्यांची होती व त्या टाळ्या तिला मिळाल्या. परंतु मसाले विकून वैभव येते एवढेच कथेने दाखविले. ते कांडणाऱ्या, पुड्या भरणाऱ्या हातांच्या रोजंदारीवर किती भाग बेतले गेले? याच महाराष्ट्रात १९५९ साली गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. तीत लाटणारी बाई ही नोकर नसून भागीदार आहे. याच मुंबईत १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना सावकाराच्या विळख्यातून सोडविण्यासाठी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. कर्ज, व्याज, बँकेची पायरी प्रथम चढणारी अंगठेबहाद्दर बाई, दारुडा नवरा, एकमेकींना जामीन राहणाऱ्या शेजारणी: नाट्य म्हणतात ते याहून निराळे काय असते? पण त्या नाट्यात नायिका एकटी श्रीमंत होत नाही, आणि एकटीच श्रीमंत व्हावी लागते हा मालिकांचा दंडक आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या ‘लक्ष्मी निवास’ची सुरुवात त्या मानाने जमिनीवरची होती. आयुष्यभर नोकरी केलेला श्रीनिवास आणि त्याची बायको लक्ष्मी यांना स्वतःचे घर बांधायचे आहे. ही गोष्ट मूळ कन्नड मालिकेवरून घेतलेली असली (‘आई कुठे’चे मूळही बंगालीत आहे, तयार साचे आणून ओतण्याचा हा उद्योग आता सर्रास चालतो) तरी महाराष्ट्रात ती कोणालाही परकी वाटली नाही. निवृत्तीची पुंजी, मुलांची लग्ने आणि डोक्यावरचे छप्पर या त्रिकोणात येथला सारा कनिष्ठ मध्यमवर्ग अडकलेला आहे. हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी या दोघांत खर्चाची बोलणी होतात तेव्हा घर खरे वाटते. मात्र पाहता पाहता मालिकेचा मोठा अवकाश बळकावला तो बायकोवर अष्टौप्रहर पाळत ठेवणाऱ्या धनाढ्य जयंतने. स्त्रीला कोंडणारे प्रेम हाही गंभीर विषय होऊ शकतो. पण येथे तो भयपटासारखा वापरला जातो, आणि विटांचा भाव, कर्जाचा हप्ता हे अदृश्य होतात.

लेखकांना हे कळत नाही असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. त्यांना कळते, परंतु दर आठवड्याला त्यांच्या मानेवर एक आकडा ठेवलेला असतो. त्या आकड्याने काय होते हे २०२० साली स्पष्ट दिसले. जानेवारीत सोनी मराठीवर ‘सावित्रीजोती’ सुरू झाली. भिडेवाड्यातील १८४८ ची शाळा, १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, १८७३ चा सत्यशोधक समाज. ज्या दांपत्याने आधुनिक महाराष्ट्र घडविला त्यांच्यावरील दैनंदिन मालिकेमागे प्रा. हरी नरके यांच्यासारख्या अभ्यासकाचे पाठबळ होते. डिसेंबरात ती बंद झाली. प्रेक्षकसंख्या पुरेशी नाही, हे कारण. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना मरण पावलेल्या स्त्रीची कथा महामारीच्याच वर्षी न परवडणारी ठरली. ज्या ओंकार गोवर्धन यांनी तीत जोतीराव रंगविले तेच पुढे अरुंधतीचा आशुतोष म्हणून घरोघरी पोचले. नट तोच, त्याचे गुणही तेच, बदलली ती फक्त गोष्ट.

आता ‘प्रेक्षकांनाच असले काही नको आहे’ या युक्तिवादाकडे वळले पाहिजे, कारण निर्मात्यांपासून पांढरपेशा टीकाकारांपर्यंत सर्वांना तो सोयीचा आहे. प्रथम आकड्याचे स्वरूप पाहावे. २०२० साली देशात दूरचित्रवाणी संच असलेली सुमारे २१ कोटी घरे होती आणि मापनयंत्रे बसविलेली घरे सुमारे ४४ हजार. म्हणजे एकेका यंत्राने पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलायचे. नमुना पाहणीचे शास्त्र हे मान्य करील. पण मापन करणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेची मालकी वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था या तिघांकडे आहे, हे शास्त्राचे लक्षण नव्हे. ऑक्टोबर २०२० मध्ये आकड्यांत फेरफार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदविला, आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत प्रसिद्धच झाले नाहीत. शिवाय हे यंत्र संच कोणत्या वाहिनीवर किती वेळ चालू होता एवढेच सांगते. पाहणारी बाई काय पाहू इच्छिते, हे तिला कोणी विचारलेले नसते. स्टार प्रवाहवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मालिका मे २०१९ पासून ऑक्टोबर २०२० पर्यंत चालली. ती पाहणारे प्रेक्षक काय परमुलखातून आले होते?

आणि प्रेक्षकाने आपले मत जेव्हा खरोखर मांडले तेव्हा काय झाले, याचा इतिहासही आहे. १९८५ मध्ये ‘रजनी’त प्रिया तेंडुलकर ग्राहकांच्या बाजूने भांडत होत्या, तेव्हा आपले चित्रण न पटलेल्या मुंबईच्या टॅक्सीचालकांनी दूरदर्शनसमोर निदर्शने केली. १९८८ मध्ये ‘रामायण’ उत्तरकांडाविना संपणार असे दिसताच जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. महर्षी वाल्मीकींना ते आपले मानतात. त्यांची आणि लवकुशांची कथा गाळली जाणे त्यांना मान्य नव्हते. संप इतर शहरांत पसरला आणि पुढील भाग निघाले. त्या मालिकेच्या राजकीय परिणामांविषयी बरेच कडू बोलता येईल. परंतु ज्यांनी आपल्या हातातील झाडू खाली ठेवून पडद्यावरची कथा पुढे चालवायला लावली, त्यांची ही लोकशाही कृती हिशेबातून वगळता येणार नाही. त्यांना जाब विचारायला एक दार होते.

दूरदर्शनचे गोडवे गाण्याचा हेतू येथे नाही. आणीबाणीत ते सरकारचे भाट झाले होते, आणि ती सवय पुढे कधी पुरती सुटली नाही. शिवाय जाहिरात तेव्हाही होती. १९८४ चे ‘हम लोग’ दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांच्या पैशावरच आले. तरीही त्याच काळात ‘नुक्कड’ होऊ शकले. इलेक्ट्रिशियन गुरू, सायकली दुरुस्त करणारा हरी, हॉटेलवाला कादरभाई, दारूत बुडालेला खोपडी: या साऱ्यांची ओळख त्यांच्या धंद्यावरून होत असे, खिशात पैसे नसणे हा तेथे रोजचा विषय होता आणि तो हसत हसत येई. आज मराठी वाहिनीवर नायक वीजतंत्री असला तर तो कोट्यधीशाचा हरवलेला मुलगा निघेपर्यंत प्रेक्षकाने धीर धरायचा असतो.

पडद्यावरून श्रम नाहीसे झाले आहेत, पण पडद्यामागून नाहीत. रोजचा भाग रोज हवा, म्हणून बारा बारा तासांच्या पाळ्या चालतात. प्रकाशयोजनेचे, रंगभूषेचे, चहापाण्याचे काम करणारे बहुसंख्य रोजंदारीवर असतात. सप्टेंबर २०२० मध्ये, महामारी भरात असताना, साताऱ्याजवळ चाललेल्या एका मालिकेच्या चित्रीकरणात वीसहून अधिक जणांना लागण झाली आणि ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे २२ सप्टेंबर रोजी निधन झाले. अत्यंत गुणी अशी ही गोमंतकीय कलावती एकोणऐंशीव्या वर्षी चित्रीकरणासाठी उभी होती. तिच्या जाण्याने काही दिवस हळहळ व्यक्त झाली. पाळीचे तास, विमा, आजारपणातील मजुरी यांविषयी वाहिन्यांना कोणी खडसावून विचारल्याचे ऐकिवात नाही.

जाब विचारण्याचा अधिकार मात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात ध्वनिलहरी व प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. ती मालमत्ता जे वापरतात त्यांनी काही भाडे देणे लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ते भाडे ठरलेही आहे: प्रत्येक वाहिनीने दररोज तीस मिनिटे सार्वजनिक हिताच्या कार्यक्रमांसाठी द्यावीत, आणि ठरवून दिलेल्या विषयांत शिक्षण व साक्षरता, शेती व ग्रामविकास, स्त्रियांचे कल्याण, समाजातील दुर्बल घटकांचे कल्याण यांचा समावेश आहे. ‘सावित्रीजोती’चा एकेक भाग या यादीतील निम्म्याहून अधिक विषयांत बसला असता.

पण जानेवारी २०२३ च्या सूचनापत्राने पळवाटाही आखून दिल्या. ही तीस मिनिटे सलग असण्याची गरज नाही, त्यांचे लहान तुकडे करता येतात, आणि हा मजकूर चालू कार्यक्रमातच मिसळला तरी चालतो. म्हणजे एखाद्या सुनेने सासूला लेक शिकविण्याविषयी दोन वाक्ये ऐकविली की तीही हिशेबात धरता यावीत. वाहिन्यांनी याचा मासिक अहवाल मंत्रालयाला सादर करायचा आहे. प्रत्येक मराठी वाहिनीने त्या अहवालात कोणत्या मालिकेची कोणती मिनिटे स्त्रीकल्याणाच्या वा दुर्बल घटकांच्या नावे लिहिली, याची यादी महाराष्ट्रातील खासदारांनी संसदेत प्रश्न विचारून मिळवावी आणि प्रेक्षकांसमोर ठेवावी. मध्यरात्रीपासून पहाटे सहापर्यंतची वेळ मोजली जाणार नाही, एवढे तरी सूचनापत्रात स्पष्ट लिहिले आहे. रात्री आठच्या वेळेबद्दल त्यात एक अक्षर नाही.