पाऊस आमच्या रानात, माप मंडळाच्या गावात!



जिनिंगवर कापूस नेला की आपण काट्यापाशी डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. मग पावसाच्या काट्याकडेच पाठ का? चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला तर सरकारदरबारी ती अतिवृष्टी. पण नोंदणारे यंत्र महसूल मंडळाला एक, आणि मंडळात गावे कितीतरी! आपला पाऊस तर बैलाचे एक शिंग भिजवतो आणि दुसरे कोरडे ठेवतो. शिवारात पऱ्हाटी पाण्यात बुडाली तरी तहसीलमध्ये उत्तर मिळते, "आकड्यात बसत नाही." त्यावर आपण काय बोलणार? आपल्याकडे आकडाच नसतो.

तो आकडा गावात तयार करता येतो. संगणक म्हणजे टेबलावरचा पडदाच असे समजू नका. इटलीत 2005 साली आर्डुइनो आणि इंग्लंडात 2012 साली रास्पबेरी पाय हे तळहाताएवढे संगणक निघाले, तेही शिकणाऱ्या पोरांसाठी. आज हौशी मंडळी त्यांवर हवी ती यंत्रे जुळवतात.

मात्र आधी प्रश्न ठरवा, मग यंत्र. आपला प्रश्न एकच: पाऊस किती पडला? त्यासाठी तिफणीच्या चाड्यासारखे एक नरसाळे लागते. त्याखाली तराजूसारखी कलणारी दोन खणांची वाटी. एक खण भरला की वाटी कलते, तिच्यावरचे लोहचुंबक बटण दाबल्यासारखा इशारा देते आणि संगणक एक मोजतो. नरसाळ्याचे तोंड 20 सेंटिमीटर असेल तर 1 मिलिमीटर पावसाचे सुमारे 31 मिलिलिटर पाणी जमते. वाटी 0.2 मिलिमीटरला कलत असेल, तर एक लिटर पाणी हळूहळू ओतल्यावर सुमारे 159 वेळा कलली पाहिजे. नाही कलली तर स्क्रू फिरवून दुरुस्त करा. मोजणीच्या या कामाला आर्डुइनो पुरे. रास्पबेरी पायला वीज जास्त लागते, आणि रानात वीज म्हणजे सोलरची छोटी पाटी व बॅटरी. यंत्र झाडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असावे. शेजारी साधे पर्जन्यमापकही ठेवा, म्हणजे एकाची चूक दुसरे पकडेल.

हे खेड्यातल्या पोरांना जमेल काय, असे विचारणारे भेटतील. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली पोरे तिथे हाताने काम करत शिकली, आणि 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने तिथे फॅब लॅब उभी राहिली.

आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर यांचेही उदाहरण आहे. अमेरिकेने हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला. तेव्हा 1988 साली पुण्यात सी-डॅक सुरू झाली, आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 साली 'परम 8000' तयार झाला. कसा? एकच अवाढव्य यंत्र करण्याऐवजी बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून! मंडळाचे एक यंत्र आणि गावोगावची छोटी यंत्रे, यांचाही हिशेब तोच आहे.

सरकार आपली नोंद मानेल काय? आज मानणार नाही. पण दहा गावांची रोजची नोंद, सर्वांसमोर तपासलेले माप आणि ग्रामसभेचा ठराव समोर ठेवला, तर "आकड्यात बसत नाही" एवढ्यावर साहेबाची सुटका होणार नाही. त्याला आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागेल.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. प्रत्येक तालुक्यात आयटीआय शिकलेली दोन पोरे निवडून पावसाळ्याआधी एक यंत्र उभे करावे. रोजचा आकडा चावडीवर खडूने लिहावा. आणि मंडळाच्या यंत्राची तपासणी शेतकऱ्यांसमोर व्हावी, अशी मागणी करावी.

काटा आपला असेल तरच मापावर बोलता येईल!