घरचा हुन्नर : दादीच्या हाताला बसेल अशी मूठ

घरातली वस्तू बहुधा पुरती मोडत नाही. बादलीची लोखंडी कडी शाबूत असते, तिच्यावरची प्लॅस्टिकची नळी तेवढी फुटते आणि तार बोटांत रुतते. रेहलचा एक पाय झिजतो आणि ती डगमगू लागते. अशा वस्तू आपण चिंधी गुंडाळून चालवतो, नाहीतर टाकून देतो.

काही वेळा मात्र वस्तू धड असते आणि हातच तिला धरू शकत नाही. संधिवाताने बोटे आखडलेल्या दादीला चमच्याचा बारीक दांडा पकडता येत नाही. लकव्यातून सावरणाऱ्या अब्बांच्या हातून टूथब्रश निसटतो. मग कोणीतरी भरवते, कोणीतरी दात घासून देते. घरचे प्रेमानेच करतात, पण आयुष्यभर स्वतःच्या हाताने जेवलेल्या माणसाला ते लागते. दांडा जाड आणि हाताच्या आकाराचा असेल तर अशा पुष्कळ जणांना पुन्हा स्वतः जेवता येते. ती मूठ घरी करता येते.

त्यासाठी लागतात पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाच्या प्लॅस्टिकचे पांढरे दाणे. ‘पॉलिमॉर्फ’, ‘इन्स्टामॉर्फ’ अशा नावांनी ते ऑनलाइन मिळतात. नेहमीचे प्लॅस्टिक वितळवायला फार उष्णता लागते, हे मात्र सुमारे ६० अंश सेल्सियसलाच मऊ होते. मऊ झाले की काचेसारखे पारदर्शक दिसते, थंड झाले की पुन्हा पांढरे आणि टणक होते. जमले नाही तर गरम पाण्यात टाकून पुन्हा मळा. मणियार लाख तापवून बांगडी वळवतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे निखारे नकोत, गरम पाणी पुरते.

चमच्याची मूठ अशी करा

१. स्टीलच्या गुळगुळीत दांड्याला हे प्लॅस्टिक नीट चिकटत नाही. म्हणून दांड्यावर जाड सुती दोरा घट्ट गुंडाळून गाठ मारा.

२. स्टीलच्या पातेल्यात दोन वाट्या उकळते पाणी आणि एक वाटी नळाचे पाणी घ्या. प्लॅस्टिकचे भांडे नको, दाणे त्याला चिकटू शकतात.

३. साधारण ५० ग्रॅम दाणे पाण्यात सोडा. एक-दोन मिनिटांत ते पारदर्शक होऊन एकमेकांना चिकटतील. चमच्याचा दांडाही त्याच पाण्यात गरम होऊ द्या.

४. दुसऱ्या चमच्याने गोळा बाहेर काढून पाणी झटका. गोळ्याच्या आत कढत पाणी अडकलेले असते, त्यामुळे लगेच मुठीत दाबू नका. थोडे थांबून कणकेसारखे मळा.

५. गोळा दांड्याभोवती लपेटा. दांड्याचे टोकही झाकले जाऊ द्या, म्हणजे मूठ सरकणार नाही.

६. गोळा मऊ आहे पण चटका देत नाही, हे स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. मगच तो दादीच्या हातात द्या आणि जेवताना धरतात तसा धरायला सांगा. बोटांचे ठसे उमटले की चमचा हलकेच काढून घ्या आणि थंड होऊ द्या. वरून टणक वाटले तरी आतला भाग उशिरा घट्ट होतो, म्हणून अर्धा तास वापरू नका.

मधुमेहाने किंवा लकव्याने ज्यांच्या हाताची जाणीव कमी झाली आहे, त्यांच्या हातात गरम गोळा मुळीच देऊ नका. भाजले तरी त्यांना कळत नाही. त्यांच्या हाताच्या मापाची मूठ आपल्या हाताने घडवा, पूर्ण थंड झाल्यावर त्यांना धरून पाहू द्या आणि मग हवा तसा बदल करा.

याच पद्धतीने टूथब्रश, कंगवा, पेन आणि कुलपाच्या किल्लीला जाड मूठ बसवता येते. बादलीच्या कडीवर लपेटले की तार रुतत नाही. रेहलच्या झिजलेल्या पायाला टोपी बसवता येते.

कुठे वापरू नये

जे ६० अंशाला मऊ होते, ते आचेजवळ टिकणार नाही. कुकर, कढई, चहाची किटली, इस्त्री, गॅसची बटणे यांना ते लावू नका. उन्हाळ्यात बंद गाडीत काचेजवळ ठेवलेली वस्तू वाकडी होऊ शकते. मूठ लावलेला चमचा कोमट पाण्यात धुवा, उकळू नका. अन्न लागते त्या भागावर हे प्लॅस्टिक येऊ देऊ नका. विजेच्या तारा आणि प्लग यांच्या दुरुस्तीसाठी ते नाही. शिडी किंवा कुबडी अशा, अंगाचा भार पेलणाऱ्या वस्तू त्याने जोडू नका. गळणाऱ्या नळासाठी आपली नेहमीची एम-सीलच बरी. ती एकदा घट्ट झाली की पुन्हा मऊ होत नाही.

मनगट किंवा बोटे सरळ ठेवण्यासाठी दवाखान्यात असेच उष्णतेने मऊ होणारे पत्रे वापरून स्प्लिंट बनवतात. ते काम घरी करू नका. चुकीच्या जागी दाब पडला तर जखम होते. ते थेरपिस्टकडूनच करून घ्यावे.

घरातली मोडतोड स्वतः दुरुस्त करण्यात कमीपणा मानण्याचे आपल्याला कारण नाही. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) घरी काय करत असत, असे विचारल्यावर हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले, की ते आपली चप्पल स्वतः सांधत आणि कपडे स्वतः शिवत. ही हदीस आपण मुलांना ऐकवतो. सुट्टीच्या दिवशी त्यांना सोबत घेऊन एक मूठ बनवावी. गरम पाणी मोठ्यांनी हाताळावे, आकार मुलांनी द्यावा.

ज्यांच्यासाठी मूठ करायची, त्यांना आधी विचारा. चमचा कुठे निसटतो, बोट कुठे दुखते हे त्यांनाच ठाऊक असते. पहिली मूठ बहुधा जमत नाही. दोन दिवस वापरून झाल्यावर पुन्हा विचारा, गरम पाण्यात मऊ करा आणि आकार बदला. उरलेले तुकडे डबीत जपून ठेवा, पुढच्या दुरुस्तीला कामी येतील.