सह्याद्रीतील झाड आणि मुलुंडचा रेणू : शिवाजी विद्यापीठास खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर.

विषय : सह्याद्रीतील औषधी वृक्षांची रासायनिक नोंद आणि कर्करोगविषयक संशोधनाची शिस्त.

सन्माननीय कुलगुरू,

वनस्पतींत आढळणाऱ्या फ्लेव्होनॉइड वर्गाच्या संयुगांचा कर्करोगाच्या पेशींवर होणारा परिणाम हा गेल्या काही दशकांत देशभरातील वनस्पतिशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र विभागांच्या नेहमीच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. कार्बनची दोन षट्कोनी वलये तीन कार्बनांच्या दुव्याने जोडली गेली की जो सांगाडा तयार होतो, त्यावर बेतलेली संयुगे म्हणजे फ्लेव्होनॉइड. फुलांचे कित्येक रंग त्यांच्यामुळे येतात, कडक उन्हातील अतिनील किरणांपासून पानांचे रक्षण ती करतात, आणि कांद्यातील क्वेर्सेटिन हे त्यांतलेच सर्वांच्या आहारातले उदाहरण आहे. या वर्गातील ज्या मोजक्या रेणूंना काचेच्या बशीतून निघून रुग्णाच्या शिरेपर्यंत पोहोचता आले, त्यांपैकी एकाचे मूळ पश्चिम घाटात वाढणाऱ्या झाडात आणि घडण मुंबईच्या मुलुंडमध्ये आहे, ही हकिगत मात्र महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. ती शिवाजी विद्यापीठापुढे मांडण्याचे कारण उघड आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांची पश्चिम बाजू सह्याद्रीच्या माथ्यावर टेकलेली आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्याची वनस्पतिसूची २००२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध करून विद्यापीठाने या डोंगरांची मोजदाद आपल्याकडे घेतलेलीच आहे.

हे झाड कडुनिंबाच्या कुळातले. डायसॉक्सिलम बायनेक्टारिफेरम या नावाने ते बराच काळ ओळखले गेले. पुढे वर्गीकरणशास्त्रज्ञांनी त्याला डायसॉक्सिलम गोटाधोरा हे नाव दिले. पश्चिम घाटाच्या सदाहरित रानात आणि ईशान्य भारतात ते वाढते, आणि ईशान्येकडील अभ्यासांत त्याची फळे धनेश पक्ष्यांच्या आवडीच्या खाद्यांत नोंदली गेली आहेत. मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात भारतीय वनस्पतींची पद्धतशीर चाचणी चालू असताना या झाडातून रोहितुकाइन नावाचे संयुग वेगळे करण्यात आले. ते त्यापूर्वी याच कुळातील रोहितक वृक्षातून मिळालेले होते; मुलुंडच्या रसायनतज्ज्ञांनी त्याची रचना निश्चित केली, ते कृत्रिमरीत्या घडवले आणि दाह कमी करण्याचा त्याचा गुण १९८८ साली शोधनिबंधातून मांडला. रोहितुकाइन हे काटेकोर अर्थाने फ्लेव्होनॉइड नव्हे, कारण त्याच्या सांगाड्यात दुसरे षट्कोनी वलय नाही आणि त्या जागी केवळ एक मिथाइल गट आहे. तो गट काढून तेथे क्लोरीन असलेले वलय बसवल्यावर जो रेणू तयार झाला, तो मात्र अस्सल फ्लेव्होन होता, आणि त्याचे नाव फ्लेव्होपिरिडॉल असे ठेवले गेले.

दाहावरचे औषध शोधताना हाती आलेला हा रेणू अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत तपासला गेला, तेव्हा तो पेशीविभाजनाचे नियमन करणाऱ्या सायक्लिन-अवलंबी कायनेज या विकरांना रोखतो, असे १९९४ पर्यंत स्पष्ट झाले. पेशीने एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात कधी जायचे, हे ही विकरे ठरवतात. पेशीचक्राच्या अशा प्रमुख नियामकांच्या शोधासाठी लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विकरांना रोखणारे माणसांवरील चाचणीत उतरलेले पहिले औषध म्हणजे फ्लेव्होपिरिडॉल. ज्या विचारसरणीतून २०१५ साली स्तनाच्या कर्करोगावरील पाल्बोसिक्लिब हे निराळे औषध अमेरिकेत मान्य झाले, तिच्या वाटेवर सर्वांत आधी हा मुलुंडचा रेणू चालला होता.

पुढचा भाग विद्यापीठातील प्रत्येक संशोधन-मार्गदर्शकाने मुद्दाम वाचावा असा आहे. सुरुवातीच्या चाचण्यांत औषध सलग ७२ तास शिरेतून सोडले जाई, कारण प्रयोगशाळेतल्या पेशींवर तेवढ्या काळाच्या संपर्काने चांगला परिणाम दिसला होता. रुग्णांत मात्र निष्कर्ष निराशाजनक आले. कारण अखेर सापडले ते अगदी साध्या ठिकाणी. प्रयोगशाळेतल्या पेशी वासराच्या रक्तद्रवात वाढवल्या जातात, आणि फ्लेव्होपिरिडॉल मानवी रक्तातील प्रथिनांना वासराच्या रक्तद्रवापेक्षा कितीतरी अधिक चिकटते, त्यामुळे मोकळे राहून काम करणारे औषध रुग्णाच्या अंगात फारच थोडे उरत होते. ओहायो राज्य विद्यापीठातील गटाने मात्रा बदलली. अर्ध्या तासात मोठा हप्ता आणि त्यानंतर चार तास संथ धार, या पद्धतीने दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर उपचार झाले, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांचा आजार लक्षणीय प्रमाणात घटल्याचे दिसले. त्याच वेळी कर्कपेशी इतक्या झपाट्याने फुटू लागल्या की त्यांतील पोटॅशियम आणि फॉस्फेट रक्तात उसळून मूत्रपिंड व हृदय धोक्यात येऊ लागले. औषधाचा गुण आणि त्याचा धोका एकाच घटनेतून निघाले.

हा रेणू अद्याप कोणत्याही देशात बाजारासाठी मान्य झालेला नाही. हेक्स्ट कंपनी १९९९ साली विलीनीकरणातून अव्हेंटिस झाली, ती पुढे सनोफीत गेली, रेणूचे हक्क अमेरिकेतील टोलेरो या कंपनीकडे आले आणि २०१७ मध्ये टोलेरोच जपानच्या सुमितोमो समूहाने विकत घेतली. मालक बदलत गेले तरी झाड होते तेथेच राहिले, आणि ज्या रानांत ते उभे आहे त्यांच्या वाट्याला या साऱ्या प्रवासातून काही येण्याची कायदेशीर तरतूदही तेव्हा नव्हती, कारण जैवविविधतेविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ चा आणि भारताचा जैवविविधता कायदा २००२ चा आहे.

फ्लेव्होपिरिडॉलला एक गोष्ट मात्र साधली होती. तो संपूर्णपणे रसायनशाळेत घडवता येत असल्याने त्याच्यासाठी झाडाची साल सोलावी लागली नाही. नरक्या या सह्याद्रीतल्याच झाडाच्या बाबतीत नेमके उलट झाले. मूळच्या नंदुरबारच्या मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्यासह १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजनयुक्त वनस्पतिज संयुग, शोधून काढले, १९७२ साली ते भारतीय नरक्यातही सापडले, आणि इरिनोटेकान व टोपोटेकान या कर्करोगावरील औषधांचा कच्चा माल म्हणून ते आजही वनस्पतींतूनच काढले जाते. परिणामी कोल्हापूर आणि सिंधुदुर्गाच्या घाटमाथ्यावर नरक्याची चोरटी तोड हा वनखात्याच्या डोकेदुखीचा विषय होऊन बसला. आता जम्मूच्या भारतीय एकात्मिक औषध संस्थेने रोहितुकाइनपासूनच पुढचा, तोंडावाटे घेता येण्याजोगा रेणू तयार केला आहे, आणि बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी डायसॉक्सिलमच्या सालीत रोहितुकाइन विपुल असल्याचे दाखवले आहे. या वाटेवरचे एखादे औषध यशस्वी झाले आणि त्याच्यासाठी झाडातूनच रोहितुकाइन काढावे लागले, तर कुऱ्हाड कोणत्या झाडाकडे वळेल हे सांगण्यास भविष्यवेत्ता नको. त्याच बंगळूरच्या गटाने २०१२ साली झाडाच्या ऊतींत राहणारी एक बुरशीही रोहितुकाइन बनवते असे नोंदवले, हा दिलासा खरा; पण बुरशीकडून व्यापारी प्रमाणात उत्पादन घेणे ही वेगळी आणि अवघड पायरी आहे.

या पार्श्वभूमीवर विद्यापीठाकडून अपेक्षा आहे ती नव्या घोषणेची नव्हे. अमुक पानांच्या अर्काने कर्कपेशी मेल्या, असे सांगणाऱ्या निबंधांची उणीव नाही. अशा प्रयोगांत संयुगाची संहती बहुधा दहा-वीस मायक्रोमोलर किंवा त्याहून अधिक असते, तर कांदा खाल्ल्यावर रक्तात मुक्त रूपाने उरणारे क्वेर्सेटिन एक मायक्रोमोलरपर्यंतही पोहोचत नाही, कारण आतडे आणि यकृत त्याला तत्काळ सल्फेट व ग्लुकुरोनाइड जोडून निष्प्रभ करतात. शिवाय क्वेर्सेटिनसारखे काही रेणू चाचणीच्या रसायनांतच ढवळाढवळ करून खोटा होकार देतात, हे औषधरसायनशास्त्रात आता सर्वमान्य आहे. तालमीतली जोड आणि खासबाग मैदानातली कुस्ती यांतला फरक कोल्हापुरास समजावून सांगावा लागू नये. पेशींवरील प्रयोगाची बातमी रुग्णापर्यंत ‘औषध सापडले’ अशा रूपात पोहोचते, आणि चालू उपचार सोडून काढ्याकडे वळणारा रुग्ण त्याची किंमत मोजतो.

विद्यापीठाने करावे असे काम निराळे, कंटाळवाणे आणि दुसऱ्या कोणास सहज न जमणारे आहे. राधानगरी अभयारण्य, जे २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तेथून चंदगडपर्यंतच्या आणि उत्तरेस कोयनेपर्यंतच्या रानांत औषधी मोलाच्या वृक्षांची झाडागणिक नोंद व्हावी. नमुन्याची ओळख विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात जतन केलेल्या फांदीने सिद्ध व्हावी. झाड न तोडता गळलेल्या पानांतून आणि बियांतून त्यातील संयुगे मोजली जावीत. आणि कोणत्या वस्तीतल्या झाडात रोहितुकाइन किंवा कॅम्प्टोथेसिन किती, याची सारणी वनखात्यास व स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीस उपलब्ध असावी. नेमक्या स्थाननिश्चितीचे आकडे मात्र छापले जाऊ नयेत, कारण नरक्याच्या तस्करांना शोधनिबंध वाचता येत नाहीत असे समजणे भोळेपणाचे ठरेल.

यासाठी मोठा निधी लागण्यापूर्वीच एक निर्णय विद्यापीठाच्या अखत्यारीत घेता येतो. वनस्पतिज संयुग आणि कर्करोग या विषयावरील पीएच. डी.च्या प्रत्येक प्रस्तावास वनस्पतिसंग्रहातील नमुना क्रमांक, नमुना जेथून घेतला त्या गावच्या जैवविविधता समितीशी झालेला लेखी करार, आणि वापरली जाणारी संहती मानवी रक्तात गाठणे शक्य आहे काय याचे एका पानाचे टिपण, या तीन कागदांची अट घालावी. पेशींवरील निष्कर्ष आश्वासक ठरल्यास पुढील पडताळणी खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी, मूळ प्रयोगाशी संबंध नसलेल्या हातांनी व्हावी, आणि तोवर विद्यापीठाच्या नावे वृत्तपत्रांस निवेदन जाऊ नये. विद्या परिषदेच्या आगामी बैठकीत हा ठराव विचारार्थ ठेवावा, ही विनंती.

कळावे.

कोल्हापूर